जे खुशीने द्याल ते

रमजान ईदची चाँदरात म्हटली की वरळीच्या बीडीडी चाळीतला मधला बोळ आमच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, मध्ये दिवसाही दिवा लावावा लागेल असा काळोखा रस्ता आणि टोकाला सगळ्यांचे मिळून संडास. चंद्र दिसल्याची वर्दी आली की या बोळात एका दारापुढे सतरंजी पडे. भिंतीला पाठ टेकून आमच्या चाळीतल्या खाला बसत. मांडीवर उशी, उशीवर जुने फडके, शेजारी वाटीत भिजवलेली मेंदी आणि हातात खराट्याची घासून गुळगुळीत केलेली काडी. मुलींची रांग बोळाच्या निम्म्यापर्यंत जाई. त्यात आमच्या घरांतल्या मुली असत, तशा शेजारच्या मराठा आणि बौद्ध घरांतल्याही असत. रात्री दोन वाजेपर्यंत खालांची मान वर होत नसे.

काम आटोपल्यावर एखादी आई विचारी, "खाला, किती झाले?"

खालांचे उत्तर ठरलेले असे. "जे खुशीने द्याल ते."

मग कोणी आठ आणे देई, कोणी दुसऱ्या दिवशी शीरखुर्म्याची वाटी पाठवी, कोणी नुसती दुआ देई. आम्हांला ते उत्तर तेव्हा मोठे खानदानी वाटे. खाला पैशासाठी काम करत नाहीत, असे आम्ही अभिमानाने सांगत असू. फार वर्षांनी ध्यानात आले की त्या वाक्यात एक प्रश्न दडलेला आहे. खुशी कोणाची? खालांची नव्हे, देणाऱ्याची. रात्रभर पाठ मोडून काम करणाऱ्या बाईने आपल्या कामाचे मोल ठरवण्याचा हक्क समोरच्याच्या मर्जीवर सोडून दिला होता. तिने तो आपण होऊन सोडला, की तो तिला कधी मिळालाच नव्हता?

चेहऱ्याला, हाताला, अंगाला रंग लावणाऱ्यांचा इतिहास लिहायचा तर तो याच प्रश्नापासून सुरू करावा लागेल असे आम्हांला वाटते. रंग कसा करत, नक्षी कशी काढत हे महत्त्वाचे आहेच. पण रंग लावणाऱ्याला काय म्हणत आणि त्याच्या हातावर काय टेकवत, यावरून समाजाची नजर अधिक नीट कळते.

* * *

आपल्याकडे या कामाच्या मोबदल्याला किती शब्द आहेत पाहा. लग्नघरी नवरीला न्हाऊ-माखू घालणाऱ्या, हळद-मेंदी लावणाऱ्या बाईला 'नेग' मिळे. शेजारच्या हिंदू घरांत चोळी-बांगडी किंवा ओवाळणी मिळे. तमाशाचा फड बोलावला तर 'सुपारी' दिली जाई, सौदा पक्का करण्यासाठी 'इसार' किंवा 'बयाणा' मोजला जाई. नाटकवाल्यांचा शब्द 'नाइट'. एका प्रयोगाची एक नाइट, आणि ती आधी ठरलेली. यातला नेग आणि ओवाळणी बाईकडे गेली, सुपारी आणि नाइट बहुतेक पुरुषाकडे. नेग हा मान आहे, त्यावर घासाघीस करता येत नाही. सुपारी हा व्यवहार आहे, त्यावर बोलता येते. वरवर पाहता मान मोठा वाटतो. पण ज्यावर बोलता येत नाही ते वाढवूनही मागता येत नाही.

उर्दूत नवरीला सजवणाऱ्या बाईला 'मश्शाता' असा देखणा शब्द आहे. शायरीत ती पुष्कळदा भेटते. कोणा एका मश्शातेचे नाव मात्र आपल्याला सहसा सापडत नाही. मराठीतही तेच. उत्तर पेशवाईतले शाहीर सगनभाऊ मुसलमान शिकलगार होते, हे आपण अभिमानाने सांगतो. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल अमर शेख झाले आणि गिरणगावाच्या मैदानांवर त्यांचा आवाज घुमला, हेही सांगतो. सांगायलाच हवे. पण सगनभाऊंच्या लावणीवर नाचणाऱ्या नाच्याच्या गालाला रंग कोणी लावला, १९६१ च्या 'प्रपंच' चित्रपटात अमर शेखांचा चेहरा रोज सकाळी कोणी रंगवला, हे विचारायचे आपल्याला सुचत नाही. गाणाऱ्याचे नाव राहते, रंगवणाऱ्याचे पुसले जाते.

* * *

दख्खनच्या मुसलमानांच्या रीतिरिवाजांवरचा एक जुना ग्रंथ 'कानून-ए-इस्लाम' या नावाने प्रसिद्ध आहे. जाफर शरीफ यांनी तो रचला, हर्क्लॉट्स नावाच्या डॉक्टरांनी इंग्रजीत आणला आणि १८३२ मध्ये तो लंडनला छापला गेला. त्यातले लग्नाचे वर्णन आजही आपल्या घरातले वाटते. हळद, साचक, मेंदी, शबगश्त असा सगळा क्रम त्यात आहे. मेंदी ही तेव्हा काही नुसती हौस नव्हती. दोन घरांच्या सोयरिकीवर केलेले ते शिक्कामोर्तब होते. म्हणून ती वाजतगाजत नेली जाई.

मेंदीला आपल्या घरांत दुसरेही एक कारण होते. नखाला रंगाचा थर दिला तर वुजूचे पाणी नखापर्यंत पोचत नाही. मेंदीचा थर राहत नाही, फक्त रंग राहतो. म्हणून नमाजी बाईलाही मेंदीला अडकाठी नव्हती. आमची अम्मी नखपॉलिशची बाटली घरात ठेवू देत नसे, पण दहाही नखे मेंदीने लाल असत. रंगाचे हे गुपित पानातल्या लॉसोन नावाच्या द्रव्यात आहे. लिंबासारख्या आंबट रसाने ते मोकळे होते आणि कातडीतल्या व नखातल्या केराटिनाला धरून बसते. पहिल्या दिवशी नारिंगी दिसणारा हात एक-दोन दिवसांत गडद होतो तो हवेमुळे. तळव्याची कातडी जाड, म्हणून तिथे रंग अधिक चढतो. आमच्या खालांना यातला एकही शब्द ठाऊक नव्हता. पण मेंदी किती वेळ भिजवायची, केव्हा काढायची, काढल्यावर पाणी का लावायचे नाही, हे त्यांना तंतोतंत ठाऊक होते. कारागिराचे ज्ञान असेच असते. ते हातात असते, म्हणून पुस्तकवाल्यांना ते ज्ञान वाटत नाही.

चेहरा आणि अंग रंगवण्याची परंपरा मात्र आपल्याकडे लग्नापेक्षा मोहरमशी अधिक बांधलेली आहे. सातव्या मोहरमला हजरत कासिम यांच्या नावाने मेंदी निघते. करबलाच्या रणात ठरलेल्या त्या लग्नाची कथा इतिहासाला धरून आहे की नाही यावर मतभेद आहेत, पण लोकांनी ती काळजाशी धरली. मोहरममध्ये घेतल्या जाणाऱ्या सोंगांची लांबलचक यादी 'कानून-ए-इस्लाम'मध्ये आहे आणि तीत वाघही आहे. अंगभर पिवळा रंग, त्यावर काळे पट्टे, मागे शेपूट. मूल जगू दे, त्याला वाघ करीन असा नवस आईबाप बोलत. नवस बोलणाऱ्यांत हिंदू घरेही असत. वाघ रंगवणारा बहुधा पाट्या रंगवणारा किंवा कापड रंगवणारा असे. त्याला मिळे ते नवसाचे, म्हणजे पुन्हा खुशीचे.

मुंबईत मोहरमच्या टोळ्यांचा मोठा बोलबाला होता. १८९३ ची दंगल झाली, त्याच सुमारास लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने गणेशोत्सव सार्वजनिक झाला, आणि त्यातल्या मेळ्यांचे रूप मोहरमच्या मिरवणुकांशी जुळणारे होते हे इतिहासकारांनी नोंदले आहे. पुढे एडवर्ड्स हे पोलिस आयुक्त असताना, १९१० नंतरच्या दोन-तीन वर्षांत, टोळ्यांवर कडक बंधने आली आणि मुंबईच्या मोहरमचा जुना थाट ओसरला. सोंगे मात्र संपली नाहीत. रंगाला धर्म नसतो असे आम्ही म्हणणार नाही, तो असतो. पण रंगाचा डबा हातात असलेला माणूस दोन्हीकडे जाऊ शकत होता, एवढे खरे.

* * *

असा मुंबईत बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. त्याचीच आद्याक्षरे या चाळींना चिकटली. कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवून कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा बेत होता. प्रत्यक्षात २०७ इमारती झाल्या. वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२ आणि शिवडीला १२. एका इमारतीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची. सिमेंट काँक्रीटच्या त्या कोंदट खोल्या लोकांना आवडल्या नाहीत, सुरुवातीची कित्येक वर्षे पुष्कळ खोल्या रिकाम्या राहिल्या. मग हळूहळू कोकणातला, घाटावरचा गिरणी कामगार आला, पोलिसांची कुटुंबे आली, दलित वस्ती मोठ्या संख्येने आली आणि त्यांच्यात थोडी मुसलमान घरेही आली.

या शेजाराचे मोल समजायला गिरणीत डोकवावे लागेल. साचाखात्यात, म्हणजे विणकामात, पगार बरा होता. तिथे मराठे होते, उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर होते. अस्पृश्यांना मात्र मज्जाव होता. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्या तोंडाचा विटाळ धरला जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. त्या विटाळाच्या यादीत आपली माणसे नव्हती. पण ज्यांना मज्जाव होता त्यांच्यासाठी आपल्या विणकरांनी संप केल्याचेही आमच्या ऐकिवात नाही, ही कबुली द्यायला हवी.

आता त्याच कामगारांच्या चाळीतला बोळ डोळ्यांपुढे आणा. मेंदी लावायची तर हात हातात घ्यावा लागतो. अर्धा तास एकीचा तळवा दुसरीच्या गुडघ्यावर असतो. खालांच्या गुडघ्यावर बौद्ध मुलीचा हात असे, तिच्यानंतर मराठा मुलीचा. मेंदी त्याच वाटीतली, काडी तीच. गिरणीत धागा विटाळत होता त्याच काळात आणि त्यानंतरही, या बोळात हात विटाळत नव्हता. बायकांनी केलेल्या या गोष्टीची कोणी चळवळ म्हणून नोंद केली नाही. खालांनाही आपण काही विशेष करतो आहोत असे वाटले नसावे.

* * *

बायकांचा बोळ असा रंगत असताना पुरुषांचा रंग मैदानात आणि नाट्यगृहात होता. गिरणगावात नाटकाचे वेड जबर. ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगचे परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ मध्ये उभे राहिले आणि २०२३ च्या अखेरीला पुनर्विकासासाठी बंद होईपर्यंत त्याने कामगारांच्या कितीतरी पिढ्यांची नाटके पाहिली. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ १९५३ मध्ये झाले, त्याच्या स्पर्धांनी खात्याखात्यांत नट तयार केले. गौरी-गणपतीला कोकणी मंडळींचे जाखडी नाच आणि शक्ती-तुऱ्याचे सामने होत. जांबोरी मैदानात मांडव पडला की आम्ही पोरे पडद्यामागे घुसत असू. तिथे रंगपट असे.

रंगपटातला राजा म्हणजे मेकअपमन. त्याची पत्र्याची पेटी उघडली की खोबरेल, सफेदा, पिवडी, हिंगूळ, काजळ यांचा मिश्र वास येई. पुढे पॅनकेकच्या डब्या आल्या. क्रेपच्या केसांची दाढी तो स्पिरिट गमने चिकटवी आणि क्षणापूर्वी त्रासनखात्यात बॉबिनी बदलणारा माणूस अफझलखान होई. आम्हां मुसलमान पोरांना गंमत वाटे. नाटकातल्या मुसलमानाची दाढी नेहमी एकाच मापाची, भुवया नेहमी वर चढलेल्या, डोळ्यांखाली काळी रेघ. आमच्या अब्बांची दाढी अशी कधीच नव्हती. "मुसलमान करायचाय" असे दिग्दर्शक म्हणे आणि मेकअपमन पेटीतली ठरावीक दाढी काढी. रंग माणसाला सजवतो, तसा तो माणसावर शिक्काही मारतो, हे आम्ही तिथे शिकलो.

पण त्या मेकअपमनकडून शिकण्यासारखी दुसरी गोष्ट होती. त्याची नाइट ठरलेली असे. किती चेहरे, किती दाढ्या, किती बायकांची कामे, यावर आधी बोलणे होई. रंग वेगळा, ड्रेपरी वेगळी. इसार हातात पडल्याशिवाय तो पेटी उचलत नसे. "खुशीने द्या" असे त्याने म्हटल्याचे आम्ही कधी ऐकले नाही. आणि त्यात कोणाला गैर वाटले नाही. तो कलाकार होता, त्याला 'दादा' म्हणत. परळलाच १९४२ मध्ये व्ही. शांताराम यांचे राजकमल कलामंदिर सुरू झाले. चित्रपटांच्या दुनियेत पंढरीदादा जुकर यांच्यासारख्या मराठी रंगभूषाकाराने एवढे नाव कमावले की २०२० मध्ये ते गेले तेव्हा मोठमोठ्या नटनट्यांनी त्यांच्या हाताची आठवण काढली. हे योग्यच झाले. मात्र त्याच शहरात, तेवढ्याच बारीक हाताची आमची खाला 'मेंदी काढणारी बाई' राहिली.

हा फरक केवळ रूढीचा नव्हता, तो नियमांत लिहिलेला होता. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वेशभूषा, रंगभूषा आणि केशरचना करणाऱ्यांच्या संघटनेने बायकांना केशरचनाकार म्हणूनच सभासदत्व दिले. रंगभूषाकाराचे कार्ड पुरुषालाच मिळे. पन्नास वर्षांहून अधिक काळ हे चालले. ब्रश धरलेली बाई सेटवर सापडली तर दंड होई. चारू खुराना आणि त्यांच्या सहकारी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायमूर्ती दीपक मिश्रा आणि न्यायमूर्ती उदय लळित यांनी ते नियम घटनाविरोधी ठरवून रद्द केले. बाईने केस विंचरावेत, चेहरा रंगवू नये, याला कोणतेही कारण देता येत नाही असे ठरायला एकविसाव्या शतकाची चौदा वर्षे जावी लागली. बाईने मेंदी काढावी, पण दर सांगू नये, हा नियम मात्र कुठल्याच पुस्तकात लिहिलेला नव्हता. म्हणून तो रद्द करायला कुठे दादही मागता येत नव्हती.

* * *

तो नियम मोडला गरिबीने. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही असे म्हणतात. गिरण्यांचे भोंगे थांबले आणि चाळीतल्या बायकांचे हात सुरू झाले. कोणी खानावळ चालवली, कोणी पापड लाटले, कोणी शिवणयंत्रावर बसले. ज्यांच्या बोटांत मेंदी होती त्यांनी मेंदी काढली. खालांच्या मुलीला आम्ही सगळे आपा म्हणत असू. तिने पहिल्यांदा, लग्नघरच्या बाईला, मान खाली घालूनच पण स्पष्ट सांगितले, "एका हाताचे दोन रुपये." बोळात चार दिवस त्याची चर्चा झाली. पोरगी हिशेबी निघाली, असे आमच्याच घरात बोलले गेले. गिरणीत बोनससाठी लाल झेंडा घेऊन उभे राहणाऱ्या पुरुषांनी ते बोलावे, याचा आज आम्हांला अचंबा वाटतो.

त्याच सुमारास काडी गेली आणि कोन आला. प्लॅस्टिकच्या कागदाचा कोन, टोकाला टाचणीएवढे भोक. नक्षी बारीक झाली, हात वेगवान झाला. राजस्थानातल्या पाली जिल्ह्याच्या सोजतची मेंदी बाजारात नावाने मागितली जाऊ लागली. २०२१ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पूर्वी मराठी हिंदू लग्नात हळद हाच मोठा सोहळा असे, मेंदी ही नागपंचमीची, मंगळागौरीची हौस. नव्वदीच्या दशकातल्या हिंदी चित्रपटांनी मेंदीचा स्वतंत्र दिवस घरोघरी नेला. आपल्या मुलींना काम मिळाले. चाँदरातीपुरती असलेली कला लग्नसराईभर पुरू लागली.

त्या दशकाचा आरंभ कसा झाला हे वाचकांना सांगायला नको. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत मुंबईत सुमारे नऊशे माणसे मारली गेली. त्यानंतर मिश्र वस्त्यांतून कितीतरी मुसलमान घरे मुंब्र्याकडे, कुर्ल्याकडे सरकली. आपाचे घरही मुंब्र्याला गेले. बोळातली सतरंजी गुंडाळली गेली. पण तिची गिऱ्हाइके वरळीतच होती. दंगलीनंतरच्या पहिल्याच लग्नसराईत चाळीतल्या एका मराठा घरातून तिला निरोप गेला. ती यायला कचरत होती, बोलावणारेही कचरत होते. शेवटी नवरीचा भाऊ स्टेशनवर जाऊन तिला घेऊन आला आणि रात्री परत सोडून आला. त्या दिवशी तिने दर सांगितला नाही, आणि त्यांनी नेहमीपेक्षा दुप्पट दिले. खुशीने देणे म्हणजे काय ते एकदा तरी पाहायला मिळाले, असे ती नंतर सांगे. पण पुढे लगेच म्हणे, "भाडं रोज लागतं, खुशी रोज कुठून आणू?"

* * *

आज हा धंदा पुष्कळ वाढला आहे. लग्नाला मेकअप करणारी वेगळी, मेंदीवाली वेगळी. मुलांच्या वाढदिवसाला चेहऱ्यावर फुलपाखरू नाहीतर वाघ काढून देणारे वेगळे. मोहरमचा वाघ आता केक कापायला येतो असे आम्ही थट्टेने म्हणतो. पण यात बोलावणाऱ्याने काही जबाबदारी ओळखावी लागते. पूर्वीचे मेकअपमन मुरदाडशिंगासारखी शिसे असलेली द्रव्ये सर्रास वापरत. त्याने कातडी बिघडे, पण कळत नसे. आज कळते. मुलांच्या चेहऱ्याला पाण्याने धुतला जाणारा, त्वचेसाठी म्हणूनच केलेला रंग हवा, पोस्टर रंगवायचा नव्हे. 'काळी मेंदी' म्हणून जे विकले जाते ते मेंदी नसते. त्यात केसांच्या कलपातले पॅरा-फेनिलीनडायमीन असू शकते आणि त्याने फोड येतात, जन्माची ॲलर्जी जडू शकते. खरी मेंदी काळी नसते आणि दहा मिनिटांत रंगतही नाही. २०१२ च्या रमजान ईदच्या आदल्या रात्री हैदराबाद, चेन्नई, बेंगळुरूकडे मेंदीबद्दल अफवा पसरली आणि हात जळजळतात म्हणून बायकामुलींनी दवाखान्यांत गर्दी केली. अफवा होती, पण घरची मेंदी जाऊन अनोळखी कोन आला की भीतीला जागा मिळते. मेंदी कोणी भिजवली, कशात भिजवली, हे विचारण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे. आणि नीट भिजवणारीला त्या काळजीचे पैसे मागण्याचा हक्क आहे.

इथे आमचीच एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या घरात भाचीचे लग्न होते. मेकअपसाठी एका पार्लरमधून बाई आल्या. त्यांचे छापील दरपत्रक होते. आम्ही ते वाचले, हजारांचे आकडे पाहिले आणि मुकाट्याने निम्मी रक्कम आगाऊ दिली. मेंदीसाठी आपाची मुलगी आली. नवरीचे हात कोपरापर्यंत आणि पाय, मिळून पाच तास. शिवाय घरातल्या बायकामुलींचे वीसेक हात. तिने आकडा सांगितला. आमच्या तोंडून सहज निघून गेले, "अगं, घरच्यासारखी तू. तुझ्या नानीने कधी पैसे सांगितले नाहीत."

ती हसली. हात न थांबवता म्हणाली, "मामू, नानी सांगत नव्हती, कारण तुम्ही विचारल्यासारखं करायचात. खरं विचारलं असतंत तर सांगितलं असतं तिने."

आम्ही गप्प झालो. भाचीने मेंदीचे हात तसेच धरून आमच्याकडे पाहिले, तेही आम्ही विसरलेलो नाही. त्या रात्री तिने सांगितला तेवढा आकडा आम्ही दिला. लग्नाच्या कागदात मेकअप करणाऱ्या बाईंचे नाव होते, मेंदीच्या खर्चापुढे नुसते 'मेंदीवाली' लिहिले होते. ते खोडून आम्ही नाव लिहिले. एवढे करायला आम्हांला साठी उलटावी लागली.

* * *

वरळीच्या बीडीडी चाळी आता पाडल्या जात आहेत. १४ ऑगस्ट २०२५ रोजी पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या उंच इमारतींतल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फूट. घरात स्वतःचा संडास आला, ज्याच्यासाठी शंभर वर्षे रांगा लावल्या. याचा आनंद न मानणारा माणूस चाळीत राहिलेला नसतो. बोळ मात्र गेला. लिफ्टच्या दारापुढे सतरंजी टाकता येईल की नाही, हे तिथल्या बायका ठरवतील.

आम्हांला जुन्या बोळाचे गोडवे गायचे नाहीत. त्या बोळात हात हातात घेतला जाई हे खरे, आणि त्या हाताचे मोल बुडवले जाई हेही तितकेच खरे. पहिली गोष्ट टिकावी, दुसरी जावी. सणाला, लग्नाला, बारशाला कोणाला बोलवाल तेव्हा आधी नाव विचारा, मग दर विचारा, आणि सांगितलेला दर ऐकून तिच्या नानीची आठवण काढू नका. आपल्या मजहबात मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी अशी शिकवण आहे. मेंदी वाळायला तर त्याहून जास्त वेळ लागतो.

गेल्या चाँदरातीला आम्ही मुंब्र्याला आपाकडे गेलो होतो. तिची बोटे आता थरथरतात, कोन धरवत नाही. दारापुढे रांग होती आणि मुलगी काम करत होती. भिंतीवर एक पुठ्ठा लावलेला होता. साधी मेंदी, भरलेली मेंदी, नवरीची मेंदी, प्रत्येकापुढे आकडा. खाली, लहान अक्षरांत, आपाने स्वतः लिहून घेतलेली एक ओळ होती. 'यतीम मुलींना पैसे नाहीत.'

ती खुशी तिची होती.